पांढऱ्या कोंबड्याचं औक्षण

मव्हं नाव कौसल्या, माहेर बिडकीनकडचं. बापाचं घर शेतातच, तिथं कोंबड्या म्हंजे गावरान, कुठंबी अंडं घालणार, कुणाच्याबी चुलीपाशी बसणार, त्यांचं रंगरूप कोण बघतंय हो. लग्न होऊन पडेगावला आले तर सासरी माळकरी घर, सासूच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं सुदीक येत नव्हतं, आन् मला तर कोंबडं आरवल्याबिगर सकाळ झाली असं वाटंचना. काय सांगू तुम्हाला, मी नुसती शेजारच्या भिंतीकडं कान लावून असायची.

भिंतीपलीकडं मेहबूब चाचा. त्यांच्याकडं बँटम होते. बँटम म्हंजे बुटक्या जातीचं कोंबडं, ओंजळीत मावंल एवढं, पाय आखूड, पंख जमिनीला टेकलेले, शेपूट ताठ, आन् ऐट अशी की गावचा पाटील जसा काय तोच. चाचा ते प्रदर्शनात लावायचे. मी रोज बघत बसते म्हून एक दिवस म्हनले, बेटी, एक जोडी ले जा, तू संभालती. मी आणली. सासूनं पदर नाकाला लावला. म्हनली, हे खायाचं नाय, इकायचं नाय, मंग पोसायचं कशाला? मी म्हनलं, आत्याबाई, बघायला. बघायला व्हय, म्हनली, बघायला मी काय कमी हाये का या घरात?

पण चाचांनी मला समदं शिकवलं. तुऱ्याला पाच टोकं पाहिजेत, पांढऱ्यात एक पिस्सं दुसऱ्या रंगाचं चालत नाय, कोणत्या नराला कोणती मादी लावायची, कोणतं पिल्लू ठेवायचं. मी प्रत्येक पिल्लावर जीव लावायची तर म्हनायचे, आँख से देख, दिल से नक्को देख. असं करत करत मव्ह्या खुराड्यात एक कोंबडा निघाला, दुधावाणी पांढरा, त्याचं नाव ठेवलं नवाब.

तव्हा शहरात प्रदर्शन भरणार होतं. सासू म्हनली, नंबर आला तर ऱ्हाऊ दे तुझी पलटण, नाय आला तर समदी चाचाच्या घरी वापस. मालक शेंद्र्याला कंपनीत कामाला, घरातल्या भांडणाच्या टायमाला त्यांची नेमकी दुसरी शिफ्ट असायची. मी आदल्या दिवशी नवाबाला रिठ्याच्या पाण्यानं धुतलं, तुऱ्याला खोबऱ्याच्या तेलाचं बोट लावलं, कोंबडं न्यायच्या बांबूच्या डालग्यात धुतलेलं धोतर अंथरलं. सकाळी साडी बदलून बाहेर आले तर मालकानं डालगं झाकून रिक्षात ठेवलेलं.

मैदानात जाऊन डालगं उघडलं आन् बघते तर काय. नवाबाच्या मानेवर हळद, कुंकू, वर अक्षता! सासूनं औक्षण केलं होतं त्याचं. जिनं कव्हा हात लावला नव्हता तिनं. मला हसूबी येईना आन् रडूबी येईना. कुंकू झटकलं तर गेलं, हळद जाईना. मी नळावर पळाले आन् साबण लावला. आता तुम्हीच सांगा, हळदीला साबण लागला की काय व्हतं? लाल! जल्मभर धुणं धुतलं, ठाऊक होतं, पण घाबऱ्या जीवाला काय सुचतं हो. चाचाबी त्यांचे पक्षी घेऊन तिथंच होते, त्यांनी कपाळावर हात मारला. म्हनले, अगे बेटी, दूल्हा बना दी तू इसकू!

परीक्षकानं त्याला हातात घेतलं, पंख उघडून पाह्यला, तुरा पाह्यला, पायाचं बोट न् बोट पाह्यलं. म्हनले, घडण लई देखणी हाये बाई, पण रंगात बसत नाय. झालं, नवाब बाद.

घरी आले तर सासू दारातच उभी. मी म्हनलं, नंबर नाय आला. म्हनली, काहून? मी म्हनलं, दुसरे चांगले होते. मी काय सांगणार, तुम्ही ओवाळलं म्हून गेला? तिनं डालग्यात वाकून बघितलं, मानेवरचा लाल डाग बघितला. बोटानं चोळून पाह्यला. मंग म्हनली, साबण लावला व्हय गं येडे? हळदीचं कापड उन्हात धरत्यात. आन् तिथंच खाली बसून तिनं नवाबाला मांडीवर घेतलं. माळ घातलेली बाई, आन् मांडीवर कोंबडं. म्हनली, नंबर म्या घालवला, मंग हे बिचारं काहून जाईल?

दुसऱ्या दिवशी तीच त्याला घेऊन उन्हात बसली, डाग उडेस्तोवर उठली नाय. पुढच्या प्रदर्शनात नवाबानं पयला नंबर आणला. तव्हाबी तिनं ओवाळलं, पण हळद-कुंकू लावलं ते डालग्याला.

चाचा आता नायत, त्यांची लई आठवण येती. लोक मलाच परीक्षक म्हून बोलवत्यात. एखाद्या पांढऱ्या पक्ष्याच्या मानेवर पिवळं दिसलं तर गुण कापते, कापावेच लागत्यात, पण ज्याचा पक्षी त्याला हळूच सांगते, साबण लावू नको बाबा, उन्हात धर, आन् घरी ज्या माउलीनं ओवाळलं तिला काय बोलू नको.

सासू आता थकली, दिसतं बी कमी. तरी मी प्रदर्शनाला निघाले की उठून बसती, चाचपडत करंडा काढती आन् मव्हं कपाळ भरून हळद-कुंकू लावती. मी म्हनते, आत्याबाई, पुरे की, लोक हसत्यात. ती म्हनती, हसू दे, तुझे कोण गुण कापतंय?