जुनी सिस्टिम ठेवून

(शनिवार दुपार. फोनवर. लूसियन मेन राज्याच्या उत्तर टोकाला, मॅडवास्कात. ओडील तिथून तीन-साडेतीन तासांवर, बँगोरला.)

ओडील : नाही, दाबू नका. आधी मला वाचून दाखवा.

लूसियन : तेच करतोय. तीन ओळी आहेत. पहिली म्हणते, जुन्या सिस्टिमच्या शेजारी नवी बसवा. दुसरी, डिस्क पुसून नवी बसवा. तिसरी, आणखी काहीतरी.

ओडील : पहिली. दुसरीवर चुकून हात गेला ना बाबा, तर तुमची अख्खी दफनभूमी गेली.

लूसियन : तीन हजार चारशे बारा माणसं. एकदा पुरलं तेवढं बास आहे त्यांना.

ओडील : दफनभूमीच्या नोंदवहीची कॉपी काढलीत?

लूसियन : दोन पेनड्राइव्हवर. एक माझ्या ड्रॉवरमध्ये, एक फादरकडे. चौथ्यांदा विचारतेस.

ओडील : आठवडाभर शाळेतले लॅपटॉप नीट करत होते. तिथे सगळे हो म्हणतात आणि कॉपी कोणीच काढलेली नसते. सवय लागलीय.

लूसियन : दमलीयेस तू. सोमवारी करू?

ओडील : सोमवारीही अशीच दमलेली असेन. चला. आता डिस्कचे दोन भाग दिसतील, मध्ये रेघ. ती माऊसने ओढायची.

लूसियन : कुठवर?

ओडील : चौथा हिस्सा नव्या सिस्टिमला. ईमेल, बातम्या, तुमचा हॉकीचा स्कोअर, सगळं तिच्यावर. जुनीला इंटरनेट द्यायचं नाही. तिचे अपडेट बंद झालेत, ती फक्त नोंदवहीपुरती ठेवायची.

लूसियन : रेमी म्हणत होता, नवा कॉम्प्युटरच घ्या, मी पाठवतो. मी विचारलं, नोंदवहीचा प्रोग्राम चालेल का त्यावर? तर म्हणे, नाही चालला तर हाताने परत भरा.

ओडील : दुसऱ्याच्या हाताने काय, काहीही भरता येतं. अकरा वर्षं संसार केला तुमच्या मुलाबरोबर, ओळखते मी रेमीला.

लूसियन : ठीक. रेघ ओढली. 'बसवा' म्हणतंय.

ओडील : दाबा. वीस-पंचवीस मिनिटं लागतील. काहीतरी खाऊन घ्या तोवर.

लूसियन : सकाळच्या प्लॉय उरल्यात, आपली कुट्टूची धिरडी. गार झाल्यात, पण काकवी लावली की जातात. तू जेवलीस?

ओडील : कॉफी घेतलीय.

लूसियन : ते जेवण नव्हे.

ओडील : माहितेय बाबा. किती टक्के झालं?

लूसियन : चौदा.

ओडील : फोन स्पीकरवर ठेवते. मी जरा डोळे मिटते, तुम्ही हाक मारा.

लूसियन : ओडील. ओडील, झालं. परत चालू करा म्हणतंय.

ओडील : हं. करा.

लूसियन : नवी उघडली. नीटनेटकी आहे. वायफाय लागलं.

ओडील : छान. आता परत बंद करून चालू करा. काळ्या पडद्यावर यादी येईल. वरती नवी, खाली जुनी. बाणाने खाली जायचं आणि एंटर.

लूसियन : गेलो. ... काही येत नाहीये. नुसतं गोल फिरतंय.

ओडील : फिरू दे.

लूसियन : अजून फिरतंय.

ओडील : मी इथेच आहे.

लूसियन : आली. थांब, नोंदवही उघडतो. ... एकोणीसशे तीनपासून सगळे जागच्या जागी आहेत.

ओडील : हुश्श. मघापासून मी जमिनीवरच बसलेय, आत्ता लक्षात आलं.

लूसियन : मग तशीच बस दोन मिनिटं. एक सांगायचंय.

ओडील : बोला.

लूसियन : मागच्या रविवारी रेमी आला होता, केल्सीला घेऊन. निघताना म्हणाला, दफनभूमीतल्या आपल्या घरच्या प्लॉटमध्ये अजून ओडीलचं नाव आहे, ते काढून केल्सीचं घाला. मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडलाय.

ओडील : बिघडला होता?

लूसियन : नव्हता.

ओडील : काढून टाका. लग्न झालंय त्यांचं. माझं काय काम तिथे?

लूसियन : तुझ्या सासूला, थेरेसला, शेवटचे आठ महिने तू न्हाऊ घातलंस. माझ्याच्याने होत नव्हतं. तुझं नाव तिने समोर बसून माझ्याकडून लिहवून घेतलंय. मी कसं काढू?

ओडील : बाबा, माझ्या नावाची ती पाच नंबरची जागा रेमीच्या शेजारी आहे. जिवंतपणी जमलं नाही, आता तिथे कशाला? द्या केल्सीला. मनापासून सांगतेय.

लूसियन : आणि तू?

ओडील : मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. बघेन कुठेतरी.

लूसियन : एकोणीस वर्षं सांभाळतोय ही वही. 'बघेन कुठेतरी' म्हणणारे बरेच आहेत हिच्यात. हिवाळाभर जमीन गोठलेली, म्हणून शवपेटी तळघरात राहते, वसंतात जमीन मऊ झाली की कोणीतरी परकं ठरवतं, कुठे ठेवायची.

ओडील : आज नको ना हे. खरंच थकलेय मी.

लूसियन : एकच वाक्य. एक नंबर मोकळी आहे. थेरेसच्या पलीकडची. कुंपणाला लागून आहे, बर्फ तिथे सगळ्यात शेवटी वितळतो, म्हणून कोणी मागितली नाही.

ओडील : रेमी काय म्हणेल?

लूसियन : प्लॉटचा कागद माझ्या नावावर आहे. त्याला पाच नंबर हवी होती, मिळाली.

ओडील : आईंच्या शेजारी.

लूसियन : एका बाजूला मी असणार. मी काही बोलत नाही, ते तिला माहितेय. दुसऱ्या बाजूला कोणी बोलणारं असलं तर बरं.

ओडील : थांबा, स्पीकर बंद करते.

लूसियन : आहेस ना?

ओडील : आहे. लिहा.

लूसियन : रकाना उघडलाय. आडनाव आमचं पेल्टिए घालू की तुझं माहेरचं, डेग्ल?

ओडील : नुसतं ओडील लिहा, बाबा. आडनावाचं बघू सावकाश.