खाडीतला झिरा

(वडनेर भोलजी. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झालेली. पंजाबरावांच्या ओसरीवर उंद्रीहून आलेले रामराव टोपी हातात घेऊन उठायच्या बेतात. पंजाबरावांच्या पत्नी अंबूबाई दाराशी तूर पाखडताहेत.)

रामराव : नाई पंजाबराव. चहा झाला, पान झालं, आता बोलतोच. पोरगा तुमचा लाखात एक हाय, पण माह्या शालूले मी समिंदराच्या काठी देत नाई.

पंजाबराव : बसा इवाई, बसा.

रामराव : इवाई कायचे? सोयरीक झाली कुठं अजून? घाटावरचे लोक म्हणतीन, रामरावनं पोरगी पाण्यात लोटली.

पंजाबराव : इंद्रभान का हौसेनं गेला तिकडं? नवं राज्य झालं, सायबानं नकाशावर बोट ठेवलं, अन् बुलढाण्याचा जंगलगार्ड रत्नागिरीकडं गेला. हे पाहा, आमी दोघं उन्हाळाभर त्याच्यापाशी राहून आलो. मले इचारा.

रामराव : तुमाले? मागं तुमीच सांगतलं, का तुमचा बैल एकटाच नांदुऱ्याच्या बाजारातून सरकी घेऊन आला. भाव करून.

पंजाबराव : भाव नव्हता केला. वाढवून नका सांगू.

रामराव : मी वयनीले इचारतो.

अंबूबाई : इचारा भाऊ. मी पाखडूनच सांगते.

पंजाबराव : पाखडा, पाखडा! रामराव, नांदुऱ्याले गाडीत बसलो, बंबईले उतरलो, तिथून आगबोट. इंद्रभानच्या ताब्यात जे जंगल हाय ते सरकारनं राखलेलं. एका अंगाले डोंगर, एका अंगाले समिंदर, मधातून पायवाट. काडी तोडाची मनाई, पाखराले खडा माराची मनाई. पोरगा सकायी निंगाला का आमी दोघं त्याच्या मांगं. अन् काय ते झाडं! तेयच्या मुळ्या जमिनीच्या वर. सारे झाडं लुगडं वर खोचून पाण्यात उभे, जशा का बाया नदी ओलांडून राह्यल्या.

रामराव : वयनी?

अंबूबाई : खरं हाय. तशेच दिसतात.

पंजाबराव : तिथं मासा चिखलावर चालते. अन् झाडावर चढते.

रामराव : येतो मी.

अंबूबाई : चढते भाऊ. बोटाएवढा हाय, पण चढते. म्या पाह्यला.

रामराव : इमानानं?

अंबूबाई : इमानानं.

पंजाबराव : अन् लाट आली, ते नारळाच्या शेंड्यावरून…

अंबूबाई : गुडघ्याएवढी होती.

पंजाबराव : तू तिकडं शिंपले येचत होती! माह्यावाली लाट येगळी होती.

रामराव : लाटीचं राहू द्या. मी वेगळंच ऐकलं. तुमी दोघं तिथं बुडता बुडता वाचले, असा चिखलीपर्यंत बभ्रा हाय. खरं का खोटं?

पंजाबराव : खरं.

रामराव : मंग माह्या पोरीनं तिथं काय करावं?

पंजाबराव : आधी ऐकून घ्या. त्या दिवशी इंद्रभान म्हणे, बाबा, मी वर जाऊन येतो, कोणी लाकूड तोडलं काय पाहून. तुमी दोघं इथं झाडाखाली बसा, खाली उतरू नका. आता खाली होती नदी. उन्हाळ्यातली नदी, कोरडी ठण्ण! आपल्या पूर्णेसारखी. आपुन उन्हाळ्यात भाकरी कुठं खातो? पात्रात, थंड्या रेतीत. मी म्हटलं, पोरगं लहान हाय, त्याले नदीतलं काय समजते? उतरलो. बरोब्बर मधात जाऊन बसलो.

रामराव : अन् वयनी?

अंबूबाई : भाकरी माह्यापाशी होती. हे खाली गेले, तं भाकरी बी गेली.

पंजाबराव : तहान लागली होती. म्या रेतीत झिरा खांदला. हातभर उकरलं का पाणी! मी म्हटलं, अंबू, पाह्य, वडनेरचा हात! अन् झिरा भराले लागला. रामराव, असा झिरा जिंदगीत नाई लागला. अर्धा भरला, काठोकाठ भरला, काठाच्या वर आला. मी टाळ्या वाजवल्या. मंग ते पाणी भाकरीपाशी आलं.

रामराव : झिऱ्याचं?

अंबूबाई : समिंदराचं. ते नदी नव्हती भाऊ, खाडी होती. तिथं दिवसातून दोन बार पाणी उलटं येते.

रामराव : उलटं? समिंदरातून गावाकडं?

अंबूबाई : हाव. घड्याळ लावल्यासारखं.

रामराव : बापा बापा!

पंजाबराव : मी पयालो. तं अशा चिखलात पाय टाकला का मांडीपर्यंत आत. जितकं हलावं तितकं खाली. पाणी कमरेले. मी म्हटलं, अंबू, तू जाय, पोराले सांग का बाप शूरासारखा गेला.

अंबूबाई : हे असं काई म्हणले नाई. माय वो माय वो करत होते.

पंजाबराव : तेच म्हणलो, थोडक्यात. तं हे बाई, रामराव! हे घाबरली नाई, रडली नाई. मले म्हणे, पालथे व्हा.

रामराव : चिखलात पालथे?

अंबूबाई : बैल फसला का आपुन त्याले उभ्यानं ओढतो काय? आडवा पाडतो, मंग ओढतो. तेच केलं. यायच्या डोक्याचा पटका काढला, काखेतून घातला, दुसरं टोक त्या झाडाच्या मुळ्याले बांधलं. अन् ओढलं.

पंजाबराव : एकटीनं! चिखलानं माहं धोतर ठेवून घेतलं, मले सोडलं. काठावर आलो तं मी असा, अन् हे हसून राह्यली. रामराव, समिंदर पाह्यला, डोंगर पाह्यला, पण हिच्याएवढं मोठं काई मले तिथं दिसलं नाई.

रामराव : अन् हे तुमी साऱ्याले सांगता? बायकोनं ओढून काढलं म्हणून?

पंजाबराव : मंग झाकून ठेवू? नांदुऱ्याच्या बाजारात सांगतलं, मलकापुरात सांगतलं. गाडीत टीसीले सांगतलं, त्यानं टिकट नाई पाह्यलं.

अंबूबाई : पाह्यलं.

रामराव : इंद्रभान काय म्हणला? सांगूनही बाप ऐकत नाई म्हणून डाफरला असन.

अंबूबाई : नाई. आपला सदरा यायले गुंडाळाले देल्ला. माहे पाय शिंपल्यानं कापले होते, ते त्यानं पाह्यले. खाली बसला अन् पाय धुवाले लागला. तेवढ्यात त्याचा साहेब जंगल पाहाले आला. मी म्हटलं, ऊठ बापू, सलाम कर. म्हणे, थांब माय, एक पाय राह्यला.

पंजाबराव : हे मी सांगणार होतो!

अंबूबाई : तुमी सांगतलं असतं, तं दुसरा पाय सायबानं धुतला असता.

रामराव : साहेब रागावला काय?

अंबूबाई : नाई, थांबून राह्यला. पोराचं पाय धुणं झालं, मंग त्यानं सायबाले सलाम केला.

पंजाबराव : बोला रामराव. आता काय म्हणता?

रामराव : वयनी, इंद्रभानच्या क्वार्टरपासून ते जंगल लय दूर हाय?

अंबूबाई : दारातून हाक मारली का ऐकू येते.

रामराव : पायी चालाची सवय हाय शालूले. आमचं वावर बी गावापासून लांब. पण ते शिंपले म्हणता… चपलेचा चांगला जोड घेऊन द्यावा लागन तिले.

अंबूबाई : घ्या भाऊ. पण रेती दिसली का पोरगी तो जोड काढून हातातच घेते, पाहाल तुमी.