परताव्याची नोंद न सापडल्याबाबत, आणि माझ्या भावाबाबत

जबाब देणार: नाव ओळखपत्राप्रमाणे. वय ३४ वर्षे. धंदा: नोकरी, पैसे भरण्याच्या ॲपचा कोड तपासणे. राहणार: वडिलांसोबत, तिसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोरची इमारत.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरच्या पत्त्यावर मी आणि माझे वडील असे दोघेच राहतो. मोठा भाऊ पूर्वी आमच्यासोबत राहायचा. तीन वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला. हवालदारांनी सुरुवातीलाच बजावलं की मुद्द्याचं बोला, म्हणून आधी मुद्दा.

आमच्या कंपनीच्या ॲपवरून लोक बिलं भरतात. पैसे चुकून दोनदा कापले गेले की कंपनी ते परत करते. पैशाला कोणीही हात लावला तरी कोणी, कधी आणि काय केलं याची आपोआप नोंद झाली पाहिजे, असा नियम आहे. कोडमध्ये अशी नोंद कुठे राहून गेली आहे का, हे शोधणं माझं काम. त्यासाठी एक तपासणीचा प्रोग्राम आहे. तो सगळा कोड चाळतो आणि जिथे पैसे हलतात पण नोंदीची ओळ नाही, तिथे लाल खूण करतो. त्याला तेवढंच कळतं. खुणेमागे खरंच काही आहे का, हे माणसाने डोकं वापरून बघायचं असतं.

गेल्या महिन्यात परताव्याचे पैसे भलत्याच खात्यांत गेल्याच्या तक्रारी आल्या. कोणी पाठवले याची नोंद कुठेच सापडेना. मॅनेजरांनी मला कोड चाळायला सांगितलं. प्रोग्रामने परताव्याच्या कोडवर लाल खूण केली. तो कोड माझ्या भावाने लिहिलेला आहे. आम्ही तेव्हा एकाच कंपनीत होतो, आणि हे काम मला त्यानेच शिकवलं. मी मॅनेजरांना म्हटलं, "थांबा जरा, मला अजून वाचायचंय." ते म्हणाले, "वाचायचं काय त्यात? लाल ते लाल." तो निकाल तसाच घेऊन ते इथे आले आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाने मुद्दाम चोरवाट ठेवली, अशी तक्रार देऊन मोकळे झाले. स्वतःच्या अंगाशी यायच्या आत दुसऱ्यावर ढकलायचं, ही त्यांची जुनी खोड. हे तुमचं मत झालं, असं हवालदार म्हणाले. बरं, मत म्हणून लिहा.

त्यानंतर मी तो कोड ओळ न् ओळ वाचला. भाऊ कोडमध्ये जागोजागी टिपा ठेवतो, पुढे वाचणाऱ्यासाठी. बोलतो तशाच लिहितो. "इथे शहाणपणा करू नये." "आधी चहा पिऊन ये, मग बदल." एका ठिकाणी लिहिलं आहे, "कटकटे, तू विचारणारच, म्हणून सांगून ठेवतो." मला कटकट म्हणणारा तो एकटाच. तीन वर्षांत त्याचा आवाज कानावर पडला नव्हता. ती टीप मी किती वेळा वाचली ते तपासाच्या कामाचं नाही. ऑफिसात सगळ्यांदेखत रडू आलं, एवढं सांगते.

कोड वाचल्यावर असं दिसलं की नोंदीची ओळ त्याने परताव्याच्या कोडच्या आत नाही, तिथे जायच्या वाटेवर बाहेर ठेवली होती, म्हणून प्रोग्रामला ती दिसली नाही. समजा, इमारतीच्या फाटकावर वॉचमन बसवला आहे आणि प्रत्येक जण त्याला नाव सांगूनच आत येतो. मग घराघरापुढे वेगळा वॉचमन कशाला हवा? परताव्याची प्रत्येक मागणी त्या फाटकातूनच जात होती आणि तिची नोंद होत होती. त्या काळातल्या नोंदी काढून मी सोबत दिल्या आहेत. भाऊ गेल्यानंतर कंपनीने मदत केंद्रातल्या लोकांसाठी घाईघाईत नवं ॲप बनवलं. बनवणाऱ्यांनी फाटकाकडून यायचं सोडून थेट मागची भिंत फोडून वाट काढली. पैसे गेले ते तिथून. तेव्हा भाऊ कंपनीत नव्हता. त्या वाटेने आत कोण शिरलं ते मला माहीत नाही आणि कोडवरून सांगताही येणार नाही.

भावाबद्दल विचारल्यावरून सांगते. लग्नावरून त्याचं वडिलांशी वाजलं. वडील तापट आहेत, तोही काही कमी नाही. "मग आपापली वाट धर," असं ते रागाच्या भरात बोलून गेले. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, "मी बरा आहे, शोधू नका." मग नंबर बंद. त्या वेळी मी याच ठाण्यात आले होते. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने गेलाय, आम्ही काय करणार, असं मला सांगण्यात आलं. तेही बरोबरच होतं. वडील आता त्याचा विषय काढत नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की तेवढा टीव्हीचा आवाज कमी करतात.

तपास अधिकारी मॅडमनी काल फोनवर मला समजावून सांगितलं. भाऊ संशयित राहिला तर त्याचा शोध घेता येईल. फोन कंपन्या, बँका, सगळीकडे पत्रं जातील आणि आठ-पंधरा दिवसांत तो सापडेल. त्याचा दोष नाही असं मी सांगितलं आणि ते पटलं, तर त्याचं नाव वगळावं लागेल. मग त्याला शोधायला कारण उरत नाही. मॅडम सरळ बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी हे वडिलांना सांगितलं. आज सकाळी निघताना ते म्हणाले, "तू काही बोलू नकोस. नक्की सांगता येत नाही, एवढंच म्हण. बेड्या घालून आणला तरी चालेल, पण एकदा डोळ्यांसमोर उभा राहू दे."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, बाबा!" पण जिना उतरताना माझ्याही मनात तेच घोळत होतं. खोटं कशाला बोलू? चार शब्द बोलायचे, की तो या समोरच्या बाकावर येऊन बसणार. वाळला असेल की सुटला असेल, तेही मला ठाऊक नाही.

आज इथे जबाब घेताना मॅडमनी विचारलं, "भावाने नोंद मुद्दाम वगळली, असं म्हणता येईल का?" मी पाणी मागितलं. ते प्यायले. मी "नाही" असं उत्तर दिलं. त्याने नोंद ठेवली होती आणि चोख ठेवली होती.

"नक्की?"

"नक्की."

"मग आम्ही त्याला शोधणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

कळतंय, असं मी सांगितलं. मॅडमनी सोबतच्या नोंदी पुन्हा एकदा पाहिल्या आणि माझ्यासमोर त्याच्या नावावर रेघ मारली. घरी जाऊन वडिलांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मला माझा भाऊ हवा आहे. भेटला की आधी एक ठेवून देणार आहे.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला आणि तो मी सांगितला तसाच आहे. शेवटची दोन वाक्यं तपासाशी संबंधित नाहीत, काढू का, असं त्यांनी विचारलं. मी राहू द्या म्हटलं. बाकी सगळं त्याच्यासाठी सांगितलं, ही दोन वाक्यं माझी आहेत. सही केली.