बसवायचं का?

हसाल तुम्ही, पण आमच्या वहिनीने रोह्यातल्या डॉक्टरांना एकदा पार गोंधळात टाकलं होतं. वहिनी पेणजवळच्या हमरापूरची, कारखान्यात गणपतींचे डोळे आखते. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढावा लागला. जखम भरल्यावर मी तिला दाखवायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, "तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवता येईल. बसवायचं का?"

वहिनी शांतपणे म्हणाली, "किती दिवसांचा?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बसवायचा म्हटलं की हिच्या डोक्यात गणपतीच येतो."

मग त्यांनी नीट समजावलं. ते जन्मभर टिकेलच असं नाही. भोवतीचा भाग कडक होऊन दुखू शकतो. आतल्या आत फाटलं तर कळतही नाही, म्हणून अधूनमधून तपासावं लागतं. कधीतरी पुन्हा ऑपरेशनही करावं लागतं.

"म्हंजे विसर्जन हाय," वहिनी म्हणाली.

डॉक्टर मूळचे पेणचेच. म्हणाले, "व्हय. पण तारीख ठरलेली नाय."

"मंग नको."

आता ती ब्लाउजमध्ये कापसाची छोटी उशी घालते. झोपताना काढून ठेवते आणि त्या उशीला सांगते, "पुढच्या वर्षी नाय गो, सकाळी लवकर ये."