कोब्याचं पाणी

लोटू: कोब्यावरचं हे बारदान हात लावून पाहा, वहिनी. वाळून पापड झालं. मी कोबा घोटून गेलो तेव्हापासून एक थेंब तरी घातला का?

रंजना: नाही घातला.

लोटू: इथं नवागामात नळ येत नाही का?

रंजना: रोज येतो. पिंप काठोकाठ भरलेलं आहे, ते बघ.

लोटू: मग? उषावहिनी अमळनेरला जाताना माझ्यासमोर सांगून गेली, रंजना, माझ्या खोलीला पाणी मार म्हणून. नवा कोबा वरून वाळलेला दिसतो, पोटात कच्चा असतो. सारखा ओला ठेवावा लागतो. पाणी तोडलं की सिमेंट जळतं.

रंजना: जळू दे.

लोटू: भेगा धरल्या ना त्यानं. आता कितीही झाडा, धूळच निघत राहील. जन्मभर.

रंजना: तेच पाहिजे मला. रोज सकाळी जाऊबाईंनी झाडू हातात घेतला की मी आठवली पाहिजे.

लोटू: उषावहिनीच्या गायत्रीला पाहायला पाहुणे याच खोलीत बसणार. त्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं?

रंजना: माझ्या संदीपनं कोणाचं काय बिघडवलं होतं? प्लेगच्या साली सारी गल्ली गाठोडी बांधून स्टेशनकडं पळाली. तू पण पळाला, लोटूभाऊ.

लोटू: पळालो. नाही म्हणत नाही.

रंजना: पोरगा तापानं फणफणला होता. हे रिक्षा शोधत लिंबायतपर्यंत गेले. नळ बंद, माझी घागर रिकामी. मी हे मधलं दार बडवलं. म्हटलं, ताई, तांब्याभर पाणी उंबऱ्यावर ठेवा, मी लांब होते. त्यांनी आतून कडी घातली. पिंपात तांब्या बुडाल्याचा आवाज मला इकडं ऐकू येत होता.

लोटू: तेव्हा भीतीच तशी होती, वहिनी.

रंजना: साधा मलेरिया होता. डॉक्टरनं मागून सांगितलं. पाणी पाणी करत गेला माझा पोरगा. तोंडात घालायला थेंब नव्हता.

लोटू: मी बारदानं भिजवतो. थोडा तरी सावरेल. कोबा माझ्या हातचा आहे हो.

रंजना: पिंपाला हात लावलास तर याद राख.

(दारात रिक्षा थांबते. पिशव्या घेऊन उषाबाई उतरतात.)

उषाबाई: लोटू, तू इथंच? बरं झालं. रंजना, आधी तांब्याभर पाणी दे गं. बसमध्ये घशाला कोरड पडली.

रंजना: देते ताई. हे घ्या.

उषाबाई: अगं, ही बारदानं कोरडी ठाक कशी? आणि या भेगा? तुला बजावून गेली होती मी.

रंजना: हो, बजावून गेल्या होत्या. मी पण सांगितलं होतं एकदा, या मधल्या दारातून. तुम्हाला ऐकू आलं होतं ना, ताई?

उषाबाई: ...आम्ही घाबरलो होतो गं. माझ्याही पदरात लेकरं होती.

रंजना: होती ना. माझं एकच होतं.

उषाबाई: रंजना...

रंजना: प्या ना, ताई. तांब्या हातात धरून उभ्या का राहिल्या?