किगोझीमामांची बातमी

लॉगिन होतंय हो, फाइल जात नाही! दार उघडून ‘या, बसा’ म्हणायचं आणि हातातली पिशवी मात्र घ्यायची नाही, ही काय रीत झाली? तुम्हाला सांगतो, मसाक्यात नऊ वर्षं माझं दुकान आहे, लोकांच्या मयताच्या बातम्या टाइप करायच्या, कंपालाला रेडिओवर पाठवायच्या, कधी अडलं नाही. अडलं कधी? सासूबाईंचे सख्खे भाऊ, किगोझीमामा, गेले तेव्हा!

शुक्रवार, दुपारचे चार. दफन उद्या, आणि पाचला रेडिओवाले बातम्या घेणं बंद करणार. गावोगावची माणसं रेडिओ ऐकूनच निघतात, बातमी गेली नाही तर मामांना मूठमाती द्यायला येणार कोण? त्यात सासूबाई दाराआड. जावयासमोर येतील कशा? आमच्यात सासूनं जावयाला तोंड दाखवायचं नाही, थेट बोलायचंही नाही! त्या ओट्यावर, मी आत, मध्ये बायको, आमची नानजोबे.

“अहो, आई विचारतेय, गेली का?”

“सांग, लॉगिन होतंय, फाइल जात नाही!”

“लॉगिन म्हणजे काय विचार त्याला!” हे मला स्वच्छ ऐकू आलं, पण बायको सांगेपर्यंत गप्प बसायचं...

कंपालाला मुकीबीला फोन लावला, रेडिओची यंत्रं तो बघतो. “अरे, कालच राउटर बदललाय! आमचा सर्व्हर आता तुला घरातला पत्ता देतोय.” म्हणजे मी विचारतोय फाइल कुठं आणू, आणि हा म्हणतोय मागच्या खोलीत ये! कुणाच्या मागच्या खोलीत? त्या पत्त्याचा नंबर माझ्याच दुकानातल्या प्रिंटरचा निघाला हो! कंपालाची फाइल माझाच प्रिंटर शोधतेय!

“तुझी मधली प्रॉक्सी बंद कर.” म्हणजे माझ्या नि रेडिओच्या मधला दलालच, केली बंद. आता लॉगिनही होईना! चालू केली. लॉगिन होतंय, फाइल जात नाही! घड्याळात पावणेपाच, शर्ट घामानं चिंब, आणि ओट्यावरून हुंदका...

शेवटी निवेदिका नामुतेबीच फोनवर आली. “सांगा भाऊ तोंडी, मी लिहून घेते.” नातेवाइकांची एकतीस नावं सांगितली. पाच वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर मामांचं नाव आलं, तिकडे सासूबाई रडल्या, इकडे मी. शनिवारी माणूस मावेना!

संपलं? कसलं संपतंय! सोमवारी मुकीबीचा फोन, “झालं रे दुरुस्त, आता जाते फाइल!” गेली की! माझ्या यंत्रात अडकून पडलेली तीच, आपली आपण! आणि तिकडे नवीन निवेदिकाबाईंनी ती इमानानं वाचली, ‘किगोझी यांचं दफन उद्या दुपारी चार वाजता.’

मंगळवारी तीन गाड्या भरून माणसं उतरली. डोक्यावर मटोकेचे, म्हणजे हिरव्या केळ्यांचे, घड, आणि रडणं असं, की शनिवारी आलेलेसुद्धा परत रडायला लागले!

दाराआडून सासूबाईंचा आवाज, “नानजोबे, जावयाला सांग, मी गेले की फाइलबिईल नको, बसमध्ये बसून स्वतः कंपालाला जा म्हणावं!”

बायको माझ्याकडे वळली, तोंड उघडलं. म्हटलं, राहू दे बाई... पोचली.