माझ्याकडे तर चालतंय!

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, "माझ्याकडे तर चालतंय!" अरे, तुझ्याकडे चालतंय तर त्या बिचाऱ्याने काय तुझ्या घरी राहायला यायचं? नाही, तुम्हीच सांगा! पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि डॉक्टर स्वतःच्या पोटावर हात फिरवून म्हणाला, "माझं तर दुखत नाही," तर फी द्याल का तुम्ही? पण ही प्रोग्रॅमवाली जमात... मदत करतात हो एकमेकांना, नाही म्हणत नाही मी, ओळखदेख नसताना करतात, फुकट करतात, पण मदतीचं पहिलं वाक्य ठरलेलं. माझ्याकडे तर चालतंय! तुम्हाला सांगतो, या एका वाक्यापायी आपल्या ब्राह्मण आळीतला शार्दूल दोन हजार आठ साली असा काही अडकला की अजून सुटलेला नाही.

शार्दूल म्हणजे सुमतीबाईंचा मुलगा. बाईंनी दिघाशीच्या शाळेत वीस वर्षं शिकवलं, रिटायर झाल्या, आणि त्या वर्षी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सहा आठवडे थेंब घालायचे, डोळा जपायचा, डॉक्टरांनी दम भरलेला. आणि पोरगा कामाला कुठे, तर मानकोलीला केसरीनाथशेठच्या औषधांच्या गोदामात. तिथे हिरामण नावाचा जुना माणूस, दर शुक्रवारी लाल खडू घेऊन फिरायचा, तारीख उलटून गेलेल्या खोक्यांवर फुली मारायचा, ती खोकी बाजूला. हिरामण त्यांना 'मेलेली' म्हणायचा. बारा वर्षं चाललेलं हे काम, एकदा चुकलं नाही. पण शार्दूलला सुख बोचलं! रात्रंदिवस ती पायथन नावाची कम्प्युटरची भाषा शिकलेला ना, उत्साह नुसता उतू चाललेला. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. सगळ्या मालाची यादी घ्यायची, पहिल्यापासून एकेक बघत जायचं, तारीख उलटलेली दिसली की यादीतून काढून टाकायचं. उरला तो चांगला माल. शेठ खूश! "हिरामण, तुजा खडू दे फेकून. यादीत हाय ते भरायचं, यादीत न्हाय त्याला हात लावायचा न्हाय."

हिरामणने खडू खिशात घातला. मला विचाराल तर त्याने तो फेकला नाही तिथेच घाबरायला पाहिजे होतं सगळ्यांनी!

शनिवारी सकाळी हिरामण आला. "सायेब, खोकल्याच्या औषधाची दोन खोकी मेलेली हायत. शेजारी शेजारी. तुमच्या यादीत एकच मेलंय, दुसरं जित्तं हाय." शार्दूलने बघितलं... खरंच की! एक काढलं, दुसरं राहिलं. दोघांची तारीख एकच, दोघं तेवढीच मेलेली, मग एकावर एवढी दया कशाला? पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? शेठला सांगितलं असतं, गाडी भरायची थांबवा. पण नाही! यांच्यात पद्धत आहे, आधी एकमेकांना विचारायचं. आणि विचारायची पण एक पद्धत आहे, पूर्ण भानगड दाखवायची नाही. छोटं उदाहरण करायचं, पाच ओळींचं, समोरच्याचा वेळ घालवायचा नाही. शार्दूलने केलं. पाच औषधांची यादी. एक चांगलं, एक मेलेलं, एक चांगलं, एक मेलेलं, एक चांगलं. किती सुबक! किती नीटनेटकं! अहो, पण यात दोन मेलेली शेजारी शेजारी आहेत कुठे? दुखणं घरी ठेवलं आणि बाकीचा पेशंट घेऊन गेला की हा!

पेन ड्राइव्ह घेऊन आधी गेला प्रितेशकडे, शिवाजी चौकात त्याचं सायबर कॅफे. प्रितेशने खुर्ची ओढली, बटण दाबलं, "माझ्याकडे तर चालतंय यार! तू टॅब आणि स्पेस मिक्स केलं असशील. टेन्शन नको घेऊ, मी करून देतो सगळं एक लायनीत." अर्धा तास बसून प्रेमाने समास सरळ करून दिला, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. मग मेसेंजरवर मृणाली, कॉलेजची मैत्रीण, ऐरोलीला मोठ्या कंपनीत. ती कामातून वेळ काढून लिहिते, "माझ्याकडे तर चालतंय रे. तुझं व्हर्जन जुनं आहे, नवीन टाक." हा बसला नवीन उतरवत, त्यात लोडशेडिंग, दोन तास गेले. मग इंटरनेटवरच्या ग्रुपवर टाकलं. तिथे कुठल्या देशातला कोण एक बाबा, दाढीवाला असणार, दाढीशिवाय असं लिहिताच येत नाही, "प्रश्न छान मांडलात, उदाहरण छोटं आहे, अभिनंदन. माझ्याकडे तर चालतंय. तुमच्या यादीतच चूक असेल."

तीन माणसं, तीन कम्प्युटर, एकच निकाल! शार्दूलच्या छातीवरचं ओझं उतरलं. हिरामणनेच कुठे तरी यादीत चुकीचं भरलं असेल, दुसरं काय? जेवला, झोपला.

आणि हा तिकडे एकेकाचे आभार मानत होता तेव्हा, तुम्हाला सांगतो, मानकोलीला एक टेम्पो भरत होता. शांतपणे. यादीप्रमाणे.

रविवारी सकाळी हा मुद्दाम गोदामात गेला, हिरामणला समजवायला. "हिरामणदादा, सगळ्यांकडे चालतंय." हिरामणने ऐकून घेतलं. मग त्याला घेऊन गेला मागच्या उताराकडे. तिथे लोखंडी रूळ लावलेले, त्यावर खोक्यांची रांग, खालचं काढलं की वरची सगळी आपोआप खाली सरकतात. "सायेब, खालनं वर चला. एकेका पावलाला एक खोकं बघा. मेलेलं दिसलं का काढा, आन् फुडं पाऊल टाका." शार्दूल चालला. दुसरं मेलेलं, काढलं. वरची रांग खड्डकन् खाली आली. त्याने पुढे पाऊल टाकलं. "थांबा," हिरामण म्हणाला, "तिसरं बगितलं का?" तिसरं? तिसरं तर सरकून दुसऱ्याच्या जागी येऊन बसलेलं, याच्या पाठीमागे, आणि तेही मेलेलं! "रांग सरली, तुमी बी सरलं. मधलं वाचलं. म्हून आमी वरच्या टोकापासनं खाली येतो. नवीन पोराला पयल्या दिवशी शिकवतो आमी ह्ये."

पोरगा पळत कम्प्युटरवर गेला, यादी शेवटापासून पहिल्यापर्यंत उलटी चालवली. एकाला लागून एक, एकाला लागून एक, सुटलेली सगळी बाहेर यायला लागली. आणि त्यात एक खोकं, डोळ्यांत घालायचे थेंब. चाळीस बाटल्या. तारीख उलटून दीड वर्ष.

"दादा, हे खोकं कुठंय?"

"त्ये? काल सांजच्याला ग्येलं. शेठच्या डोळ्यांच्या शिबिराला. दिघाशीला."

दिघाशीला! आणि सकाळी निघताना आई काय म्हणाली होती? "शार्दूल, मी चाललेय रे शिबिराला मदत करायला, माझे थेंब संपलेत, तिथूनच घेईन." फोन लावला. फोन घरी वाजतोय! बाईंना तो पिशवीत जड व्हायचा. शेठला लावला, शेठ भाषणात. मग काय, हिरामणच्या टेम्पोत बसला. मानकोली नाक्यावर कंटेनर आडवा, अंजूरफाट्याला ट्रकांची रांग, वाड्याच्या रस्त्याला खड्डे, आणि हा शेजारी बसून पुटपुटतोय, "ताजं ऑपरेशन झालेला डोळा आहे दादा, ताजा डोळा आहे." हिरामण म्हणतो, "सायेब, गप बसा, मना गाडी चालवू द्या." आणि तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला! आई? नाही, प्रितेश! "अरे, परत चेक केलं मी. माझ्याकडे तर चालतंय!" असा ओरडला शार्दूल त्याच्यावर की बाजूच्या रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

पोचले. शाळेच्या ओट्यावर शेठचं भाषण चालूच, खाली बायकांची रांग, आणि टेबलामागे बाटल्या वाटतंय कोण? स्वतः सुमतीबाई! "आई, डोळ्यात घातलेस?" "ओरडतोस काय चारचौघांत? नाही घातले." देवा रे! पोरगा तिथेच लहान मुलासारखा रडला हो, खरं सांगतो. मग रांग अडवली, खोकं ओढून घेतलं, घेऊन गेलेल्यांच्या मागे माणसं पळवली, एकूण एकोणचाळीस बाटल्या परत आल्या.

"आई, चाळिसावी?"

"ती माझी होती," बाई म्हणाल्या. "बाजूला काढून ठेवली होती मी. पण एक आजी आली, लांबून, चालत. डोळे लाल. तिला रांगेत कुठे उभी करणार? दिली तिला माझी."

"नाव काय तिचं?"

"म्हाताऱ्या माणसाला बाटली देताना नाव विचारायचं असतं का?"

झालं! आता तो प्रोग्रॅम अगदी बरोबर चालतो, ग्रुपवर याने सगळं लिहिलं, दाढीवाल्या बाबाने शाबासकी दिली, आईचा डोळा ठणठणीत आहे. आणि शार्दूल दर रविवारी सकाळच्या एसटीने दिघाशीला जातो. ती चाळिसावी बाटली नेलेली आजी शोधत घरोघरी फिरतो, दिसेल त्या म्हातारीला हात जोडून म्हणतो, "आजी, जरा डोळे दाखवता?" पहिल्या रविवारी हाकलून दिला त्याला. दुसऱ्या रविवारी चार जणींनी दाखवले. आता आजूबाजूच्या पाड्यांवरून येतात, शाळेच्या ओट्यावर रांग लावून बसलेल्या असतात, हा एकेकीच्या डोळ्यांत बघतो, ती बाटली नेलेली आजी त्यांत कुणीच नाही. गेल्या रविवारी सत्तावीस होत्या. त्याने किती वेळा सांगितलं, मी डॉक्टर नाही, पण त्या म्हणतात, डॉक्टर इतकं प्रेमाने कुठे बघतो? आणि पुढच्या खेपेला येताना चष्मे घेऊन ये, म्हणाल्यात.